पुराआधीच्या दोन रात्री : किशोरांसाठी कालप्रवासाची रहस्यकादंबरी लिहिताना

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलंय का ते तुम्हालाही तपासता येईल. तुम्ही शिक्षिका आहात आणि तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी कादंबरी लिहिताय. नववीतली रेवा पुण्यात नारायण पेठेतल्या आजीच्या जुन्या वाड्यातून थेट जुलै १९६१ मध्ये पोहोचते, म्हणजे पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुराच्या तोंडावर. आजीचा मोठा भाऊ त्याच दिवसांत घर सोडून गेला आणि पुन्हा दिसला नाही. त्याचं काय झालं, हे रेवाला शोधायचंय. पहिला खर्डा तुम्ही तीन मुलांना वाचायला दिलात. दोघांनी विचारलं, "तिला पूर येणार हे माहितीय, मग ती सगळ्यांना सांगत का नाही?" तिसऱ्यानं पाचव्या प्रकरणातच सांगून टाकलं की दोषी तो भाडेकरू आहे. आता कालप्रवास काढून साधी ऐतिहासिक कादंबरी करावी का, असं तुम्हाला वाटतंय.

काढू नका. मी बावीस वर्षं किशोरांच्या पुस्तकांचं संपादन करतेय, आणि कालप्रवास व रहस्य एकत्र आलेली जितकी हस्तलिखितं माझ्याकडे आली, त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं हेच होतं. या तुम्हाला दोन तक्रारी वाटतात, पण मूळ एकच आहे. तुमच्या कथेत कालप्रवास रहस्याला खातोय. रहस्यकथेत उत्तर लपलेलं असावं लागतं. कालप्रवासात नायिका उठून त्या जागी जाऊन उत्तर बघून येऊ शकते. मग वाचक म्हणतो, जा आणि बघ की! ती बघत नसेल तर लेखिका तिला मुद्दाम अडवतेय हे त्याला दिसतं, आणि बघत असेल तर रहस्य संपतं.

यातली काही उत्तरं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पुस्तक एकटं आहे की मालिकेतलं पहिलं, यावर काळाचा नियम ठरतो. वाचक बारा वर्षांचा असेल तर एका वेळी दोनपेक्षा जास्त काळ सांभाळणं त्याला जड जातं. पंधरा वर्षांच्या मुलाला तीनही चालतात, उलट आवडतात. मी असं धरते की पुस्तक एकटं आहे, काळ दोनच आहेत, आणि लांबी चाळीस-पंचेचाळीस हजार शब्दांच्या आसपास आहे. यात फरक असेल तर पुढचं त्या बेतानं घ्या.

आधी काळाचा नियम. कथेपुरते तीनच प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे. एक अटळ काळ : जे झालं ते झालं, आणि रेवा तिथं गेली असेल तर तिचं जाणंही त्या झाल्या गोष्टीतच धरलेलं आहे. दुसरा बदलणारा काळ : ती काही बदलेल तर परत आल्यावर आजही बदललेला असेल. तिसरा फांद्या फुटणारा काळ : तिनं काही बदललं की तिथून एक वेगळंच जग सुरू होतं, आपलं जग तसंच राहतं. तिसरा प्रकार रहस्यकथेला सहसा मारक ठरतो, कारण "खरं काय घडलं" याला दोन उत्तरं येतात आणि मग कुठल्याच उत्तराचं मोल राहत नाही. दुसरा प्रकार थरारासाठी छान, पण प्रत्येक पानावर हिशोब ठेवावा लागतो, आणि चौदा वर्षांची मुलं तो हिशोब लेखकापेक्षा कडक ठेवतात. पहिलं पुस्तक असेल तर मी अटळ काळ घ्यायला सांगते. पानशेतसारखी खरी घटना कथेत असेल तर आग्रहानंच सांगते. त्या पुरात खरी माणसं गेली, खरे संसार वाहून गेले. त्यांची घरं, त्यांची नातवंडं आजही याच शहरात आहेत. एका काल्पनिक मुलीनं तो पूर थांबवला किंवा हलका केला असं लिहिणं मला पटत नाही.

पण "काळ अटळ असतो" हे रेवाच्या तोंडी वाक्य घालून भागत नाही. मुलांना तो नियम डोळ्यांसमोर घडताना दिसला पाहिजे, तोही अगदी लहानशा, निरुपद्रवी गोष्टीत आणि सुरुवातीलाच. एक सुचवते. आजीच्या माजघरात शहाबादी फरशी आहे आणि उंबऱ्याजवळच्या एका फरशीचा कोपरा उडालेला आहे. रेवा लहानपणापासून तो टवका बघत आलीय, त्यात पायाचा अंगठा अडकून ती एकदा पडलीही आहे. पहिल्या प्रकरणात याला दोन ओळी पुरेत. मग ती १९६१ च्या माजघरात येते तर ती फरशी अखंड आहे. पुढच्या पानावर कुणाची तरी चाहूल लागून ती दचकते, हातातला लोखंडी खलबत्ता निसटतो आणि नेमका तोच कोपरा उडतो. रेवा त्या टवक्याकडे बघत राहते. इथं एकही शब्द समजावून सांगू नका. वाचकाला कळतं की ती इथं काही बदलायला आलेली नाही, ती आधीपासूनच या घरच्या गोष्टीत आहे. यानंतर "ती पूर का थांबवत नाही" हा प्रश्न मुलं वेगळ्या आवाजात विचारतात. आधी तो लेखिकेवरचा आक्षेप असतो, आता ती रेवाची वेदना होते.

तिला प्रयत्न मात्र करू द्या. चौदा वर्षांची मुलगी गप्प बसणार नाही, आणि बसली तर वाचक तिला माफ करणार नाही. तिला ओरडून सांगू द्या की धरण फुटणार आहे. कोण विश्वास ठेवणार? अनोळखी पोर, विचित्र कपडे, आणि सांगतेय काय तर पावसाळ्याच्या मध्यावर कुणालाही ऐकायचं नसतं तेच. पण एखादी आई केवळ त्या पोरीच्या डोळ्यांतली भीती बघून लेकरं घेऊन उंचावरच्या नातेवाइकांकडे जाईल. ते कुटुंब वाचलं याची नोंद कुठल्याच कागदावर नसेल. अटळ काळात नायिकेला हातपाय हलवायला जागा उरत नाही असं लोक म्हणतात, ते मला मान्य नाही. नोंदलेला इतिहास हा फार विरळ विणीचा असतो. बारा जुलैच्या दुपारी नारायण पेठेतल्या कुठल्या जिन्यावर कुणी कुणाचा हात धरला, हे कुठं लिहिलेलं आहे? त्या न लिहिलेल्या जागेत रेवा पूर्ण मोकळी आहे. तुमची गोष्ट तिथं बसवा.

हीच गोष्ट विषय निवडतानाही उपयोगी पडते. मुंबईच्या गोदीतला १४ एप्रिल १९४४ चा स्फोट घ्या. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर स्फोटकं, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा एकाच वेळी होत्या. आग लागली, दोन प्रचंड स्फोट झाले, विझवायला गेलेले साठाहून अधिक अग्निशामक जवान गेले, आणि सोनं शहरावर उडालं. युद्धकाळ असल्यामुळे बातमीवर काही आठवडे निर्बंध होते. त्यातल्या विटा पुढं कित्येक वर्षं गोदीतला गाळ काढताना मिळत राहिल्या. मोठी घटना सगळ्यांना ठाऊक, पण तिच्या आत न सांगितलेल्या गोष्टींची पोकळी. पानशेतच्या पुरातही ती पोकळी आहे, कारण पाण्यानं कागदपत्रं, पत्रं, फोटो, हिशोबाच्या वह्या, सगळ्याचा लगदा केला. रहस्य लिहिणाऱ्याला हे फार मोलाचं आहे. पुरावा का नाही, याचं कारण तुम्हाला बनवावं लागत नाही.

आता मुख्य गोष्ट, जी मला या सगळ्या उत्तरात सांगायचीय. रेवाला भूतकाळात उत्तर मिळू देऊ नका. तिला तिथं फक्त साक्षीदार करा, आणि तीही अशी की आपण कशाची साक्ष देणार आहोत हे तिला तेव्हा माहीत नाही. आधी साक्ष, नंतर प्रश्न. सध्या तुमच्या खर्ड्यात ती खरा प्रश्न घेऊन १९६१ मध्ये जाते, म्हणून तिथं जाऊन बघणं एवढंच तिला उरतं. तिला चुकीचा प्रश्न देऊन पाठवा.

म्हणजे कसं, ते तुमच्याच कथेवर दाखवते. मी सुचवतेय ते घेतलंच पाहिजे असं नाही, त्यामागचा विचार घ्या. घरात अशी समजूत आहे की आजीचा भाऊ वडिलांशी भांडून पुराच्या आदल्या दिवशी नागपूरला निघून गेला. पुरावा म्हणून त्याचं एक पत्र आजीच्या ट्रंकेत आहे. वर तारीख ऑक्टोबर १९६१ ची, मजकूर चार ओळींचा : मी सुखरूप आहे, आईला सांगा, शोधू नका. म्हणून रेवाच्या डोक्यात प्रश्न एकच, भांडण कशावरून झालं? ती १९६१ मध्ये जाऊन ते भांडण बघते. तिला उत्तरही मिळतं. वाचकाला वाटतं, आता उरलं काय? आणि ती परत आल्यावर, परतीची वाट कायमची बंद झाल्यावर, खरा प्रश्न उभा राहतो : तो नागपूरला गेला तरी होता का?

तो प्रश्न उभा करणारा धागा पत्राच्या वरच्या कोपऱ्यातच असतो. पाठवणाऱ्यानं आपला पत्ता लिहिलाय, सीताबर्डी, नागपूर ४४००१२. आपल्याकडं पिन कोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. १९६१ च्या पत्रावर ते सहा आकडे असूच शकत नाहीत. म्हणजे हे पत्र निदान दहा-अकरा वर्षांनी, दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय, आणि हाताला लागलेल्या सवयीनं पत्त्यात पिन घालून गेलंय.

इथं थोडी थांबते, कारण धागा पेरणं याबाबत सगळ्यात जास्त चुका होतात. आजच्या मुलांना पिन कोड कायमच होता असं वाटतं. "पिन १९७२ मध्ये आला" हे शेवटी रेवानं इंटरनेटवर शोधून सांगितलं तर ती फसवणूक होते, कारण वाचकाकडं ते ओळखायचं साधनच नव्हतं. धागा आणि त्याची किल्ली या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि दोन्ही वाचकाच्या हातात आधीच पडल्या पाहिजेत, पण एकमेकींपासून लांब. धागा दुसऱ्या प्रकरणात : आजी पत्र वाचून दाखवते, तेव्हा पत्त्यासकट सगळं पानावर छापा. वाचक चार ओळींच्या मजकुराकडं बघेल, पत्त्याकडं नाही. किल्ली सातव्या-आठव्या प्रकरणात, १९६१ मध्ये. जुन्या घरांत आलेली पत्रं एका वाकवलेल्या तारेत खोचून ठेवत. ओसरीवर खुंटीला ती तार लटकलेली, त्यात दोन-तीन वर्षांची पोस्टकार्डं आणि अंतर्देशीय पत्रं एकावर एक. रेवाला ते दृश्य गमतीचं वाटतं आणि ती मोबाइलवर त्याचा फोटो काढते. ती परत आल्यावर, बऱ्याच पुढं, तो फोटो मोठा करून बघते. सगळ्यात वरच्या कार्डावर आजीच्या वडिलांचं नाव, नारायण पेठ, पुणे २ (तेव्हा पत्त्यात शहरापुढं टपाल विभागाचा असा आकडा लिहीत). खालच्या कार्डाची कड दिसते, तिथंही पुणे २. कुठंही सहा आकडे नाहीत. हुशार वाचक रेवाच्या एक पान आधी तिथं पोचतो, आणि तो आनंद त्याला मिळालाच पाहिजे. त्यासाठीच तर मुलं रहस्यकथा वाचतात.

मोबाइलचा प्रश्नही यात सुटतो. पुष्कळ लेखक भूतकाळात जाताना मोबाइल हरवून टाकतात. ठेवा की! तिथं नेटवर्क नाही, चार्जर लावायला जागा नाही, बॅटरी एकसष्ट टक्क्यांवरून उतरत चाललीय. ते आकडे आपोआप घड्याळासारखे चालतात. आणि फोटो ही अशी साक्ष आहे की जी काढताना तिचा अर्थ कळलेला नसतो. तुम्हाला हवं तेच हे.

अशाच धाग्याची एक कथा मी एकदा आठवीच्या वर्गात वाचून दाखवली होती. मी पत्रापर्यंत आले आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "पोस्टाचा शिक्का कुठाय? शिक्क्यावर तारीख असते." ती इतकी बरोबर होती की मला वाचन थांबवावं लागलं. लेखकानं त्याचा विचारच केला नव्हता. त्या मुलीमुळे ते पुस्तक सुधारलं, आणि तुम्हीही आधीच सावध व्हा. पाकीट नाहीच. बनावट पत्र लिहिणाऱ्याला पोस्टाचा शिक्का कुठून आणता येणार? म्हणून तिनं पत्र उघडंच दिलं, सांगितलं की पुराच्या गोंधळात आमच्याकडं चुकून आलं होतं, आज जुन्या सामानात सापडलं. पाकीट नसणं हाच मग दुसरा धागा होतो.

"तिनं" असं लिहून गेले, तर आता तुमच्या भाडेकरूकडं येते. तो पाचव्या प्रकरणात सापडला, कारण तुमच्या पुस्तकात १९६१ मध्येही आणि आजही असलेला घराबाहेरचा माणूस तो एकटाच आहे. मुलं हे गणित फार पटकन करतात. कथा २०२५ मध्ये घडतेय असं धरू. तेव्हा अकरा वर्षांची असलेली आजी आज पंचाहत्तर, एकोणीस वर्षांचा भाऊ असता तर त्र्याऐंशी, तिशीतला भाडेकरू चौऱ्याण्णव. कोण जिवंत असू शकतं याची यादी वाचकाच्या डोक्यात आपोआप तयार होते. त्या यादीत एकच नाव असेल तर रहस्य उरत नाही. निदान तीन माणसं दोन्ही काळांत हवीत, आणि त्यांतली निदान एक अशी की दोन्ही काळांतली ती एकच व्यक्ती आहे हे वाचकाला ओळखू येत नाही.

हे करायला मराठी घरासारखी सोयीची जागा नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवऱ्यानं ठरवलेलं नाव लिहायची पद्धत आपल्याकडं अनेक घरांत होती. माहेरची कुसुम सासरी वैशाली व्हायची, आडनाव तर बदलायचंच. म्हणजे १९६१ मधली शेजारच्या वाड्यातली सोळा वर्षांची कुसुम आणि आज आजीकडं दर गुरुवारी येणाऱ्या ऐंशी वर्षांच्या वैशालीताई, या दोघी एकच असू शकतात, आणि त्यासाठी कुणालाही खोटं बोलावं लागत नाही. किती बायकांचं पहिलं नाव त्यांच्या नातवंडांनाही ठाऊक नसतं! रेवानं आजीला कधी विचारलेलंच नसतं की वैशालीताईंचं माहेरचं नाव काय. हे शोधताना रेवाला नुसता धागा मिळत नाही, आपल्याभोवतीच्या म्हाताऱ्या बायकांकडं ती पहिल्यांदा नीट बघते. मला तुमच्या कादंबरीतली ही सगळ्यात चांगली शक्यता वाटते.

घरगुती हाका हे याचंच दुसरं रूप. नाना, अण्णा, बाळ, बंडू, आक्का, माई. त्या काळात खऱ्या नावानं हाक फार कमी मारत. १९६१ मध्ये "नाना" म्हणून हाक येते ते आजीचे काका, आणि आजच्या घरातले "नाना" हे आजीचे धाकटे दीर. वाचकाची एकदा अशी गल्लत होऊ द्या आणि तीन प्रकरणांनी सोडवून टाका, म्हणजे हाकांवर विसंबायचं नाही हे त्याला कळेल. मग कुसुमच्या वेळी तो शंका घ्यायला तयार असेल आणि तरीही चुकेल.

आणि ती पत्र का लिहिते? मी असा विचार केला : भाऊ नागपूरला निघालाच नव्हता. भांडणानंतर रात्रभर तो बाहेर राहिला, सकाळी पाणी चढू लागलं तेव्हा कुसुमच्या घरच्यांना गच्चीवर चढवायला धावला, आणि तिला वाचवताना गेला. सोळाव्या वर्षी तिला हे कुणालाच सांगता आलं नाही. त्याच्या आईला तो परगावी सुखरूप आहे अशी आशा होती. पुढं त्या आईचे अखेरचे दिवस आले, मोतीबिंदूनं तिला दिसेना, तेव्हा लग्न होऊन गेलेली कुसुम एक पत्र घेऊन आली आणि तिनंच ते वाचून दाखवलं. अक्षर ओळखायला दुसरं कुणी तिथं नव्हतं. तुम्हाला खलनायक हवा असेल तर ही कथा तुमची नव्हे, मान्य. पण तुमच्या भाडेकरूपेक्षा या बाईला शोधून काढताना रेवाला जास्त त्रास होईल, आणि चौदा वर्षांच्या वाचकाला ते पेलतं.

प्रवासाची वाट आणि तिची मर्यादा यावर थोडंच. यंत्र नको, भौतिकशास्त्राचं व्याख्यान नको. वेगानं जाणारं घड्याळ हळू चालतं, त्यामुळे भविष्याकडं सरकणं विज्ञानाला मान्य आहे. मागं जायची वाट कुणाला सापडलेली नाही, म्हणून ती समजावून सांगायचा प्रयत्न जितका लांबेल तितका विश्वास उडतो. मर्यादा मात्र ठोस हवी. जुन्या वाड्यांत धान्य साठवायला बळद असे. तुमची वाट त्या बळदातून जाऊ द्या. सोमवारी १० जुलैच्या संध्याकाळी रेवा त्यातून बाहेर येते आणि बुधवारी १२ जुलैला बळदात पाणी शिरेपर्यंतच तिला परत जाता येतं. धरण पहाटेनंतर सकाळी फुटलं, मग खालचं खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही गेलं, आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठांत पाणी होतं. ही मुदत तुम्ही ठरवलेली नाही, त्या दिवसानं ठरवलेली आहे. पुन्हा कधीच जाता येणार नाही, म्हणून "जा आणि बघ की" हा आक्षेपही उरत नाही.

एक सापळा सांगून ठेवते, कारण तो तुमच्या खर्ड्यात आहे. रेवा आजीची वही घेऊन मागं जाते आणि छोट्या आजीला देते, आणि तीच वही आजी तिला पुढं देते. मग ती वही लिहिली कुणी? आणि दर फेरीत साठ-पासष्ट वर्षं जुनी होत जाणारा कागद टिकला कसा? मुलं दोन्ही विचारतील. वस्तू मागं ठेवायची असेल तर आजची नवी वस्तू ठेवा, म्हणजे तिचा उगम कळतो. किंवा वस्तू नकोच, एखादी सवय ठेवा, म्हणजे रेवाकडून छोट्या आजीनं उचललेला एखादा शब्द.

तपशिलाबद्दल. १९६१ हा पेशवाईचा काळ नव्हे. माणसं तुमच्या आजीसारखीच बोलत, त्यांच्या तोंडी जड मराठी घालू नका. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम वर्ष झालेलं. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आलेली, त्यांवर "नये पैसे" छापलेलं, आणि जिभेवर अजून आणेच, म्हणून चार आणे म्हणजे पंचवीस नवे पैसे हा हिशोब रोज घडायचा. रेवाच्या खिशातल्या नाण्यावर रुपयाचं नवं चिन्ह असेल, ते २०११ नंतरचं, तेव्हा तिला दुकानात काही विकत घेता येणार नाही आणि भूक लागेल. भूक विसरू नका. घरात रेडिओ असेल, टीव्ही नाही. मुंबई दूरदर्शनच ऑक्टोबर १९७२ मधलं. आणि तुमच्या अकराव्या प्रकरणात पुराच्या रात्री पाण्यावर चांदणं पडलंय, ते काढा. १२ जुलैच्या रात्री अमावस्या होती. वीज गेलेली, चंद्र नाही, चिखलाचा वास आणि माणसांचे नुसते आवाज. त्या रात्रीचा काळोख चांदण्यापेक्षा तुमच्या कथेच्या जास्त कामाचा आहे.

अशा गोष्टींसाठी त्या आठवड्याचे ‘सकाळ’ आणि ‘केसरी’चे जुने अंक ग्रंथालयात बसून बघा. नुसत्या बातम्या नाही, जाहिराती आणि किंमतीही. आणि ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांच्याशी बोला. ती माणसं आता ऐंशीच्या आसपास आहेत. विचारताना "पुराचं सांगा" असं विचारू नका, त्यांना पाठ झालेली गोष्ट तेवढी मिळते. "त्या दिवशी सकाळी काय शिजलं होतं?" असं विचारा. मी असं एकदा विचारलं तेव्हा एक बाई बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "भात लावला होता. उतरवलाच नाही." मला पुढं काही विचारवलं नाही. खऱ्या माणसांची नावं, खऱ्या अधिकाऱ्यांवरचे दोष कादंबरीत आणू नका; धरण का फुटलं हा तुमच्या रेवाचा प्रश्न नाही.

आता कामाचं. सगळा खर्डा एकदम मोडू नका. आधी दुसरं प्रकरण नव्यानं लिहा, पत्र पत्त्यासकट पानावर येऊ द्या. मग फरशीच्या टवक्याचं आणि तारेतल्या पत्रांचं, अशी दोन दृश्यं लिहा. आणि ही तीनच प्रकरणं त्याच तीन मुलांना नको, नव्या तिघांना द्या. वाचून झाल्यावर त्यांना दोषी कोण ते विचारू नका. "पत्र कुणी लिहिलं असेल?" एवढंच विचारा. कुणी म्हणालं, "म्हणजे? भावानंच ना?" तर धागा नीट लपलाय. आणि कुणी मागची पानं उलटून पुन्हा पत्ता बघायला लागलं, तर पुढची प्रकरणं लिहायला घ्या.